रिपोर्टमधलं कोटिनिन: शरीरातलं निकोटिन लॅबमध्ये कसं मोजतात

निकोटिनची चाचणी म्हणून जी लिहून दिली जाते, तिच्यात बहुतेक वेळा निकोटिन मोजलेलंच नसतं. रिपोर्टवर 'कोटिनिन' असा शब्द असतो, त्याच्यापुढे एक आकडा, 'नॅनोग्रॅम प्रति मिलिलिटर' असं एकक आणि शेवटी पॉझिटिव्ह किंवा निगेटिव्ह असा शेरा. या एका ओळीवर कुणाची शस्त्रक्रिया पुढे ढकलली जाते, कुणाच्या विम्याचा हप्ता वाढतो, तर कुणी निग्रहाने तंबाखू सोडूनही घरच्यांच्या नजरेत खोटं ठरतं. चाचणी वाईट आहे असं मुळीच नाही. नीट केली तर ती कमालीची नेमकी असते. घोळ होतो तो तिला भलताच प्रश्न विचारला की. ती कशाचं उत्तर देते आणि कशाचं देऊच शकत नाही, हे कळण्यासाठी आधी निकोटिन शरीरात शिरल्यावर काय होतं ते पाहू.

निकोटिन सोडून कोटिनिन का?

एका सिगारेटमधल्या तंबाखूत साधारण १० ते १४ मिलिग्रॅम निकोटिन असतं, पण ओढणाऱ्याच्या रक्तात पोचतं ते जेमतेम एक-दीड मिलिग्रॅम. बाकीचं जळून जातं, हवेत उडतं किंवा थोटकात राहतं. जे पोचतं ते मात्र फार वेगाने पोचतं: फुप्फुसातून हृदयात आणि तिथून मेंदूत, १० ते २० सेकंदांत. चघळायच्या तंबाखूतलं किंवा निकोटिन गममधलं निकोटिन तोंडाच्या आतल्या अस्तरातून हळूहळू झिरपतं, त्वचेवर चिकटवायच्या निकोटिन पॅचमधलं त्याहून सावकाश.

आलेलं निकोटिन जातंही लवकर. साधारण दर दोन तासांनी रक्तातलं त्याचं प्रमाण निम्म्यावर येतं. एखादा पदार्थ निम्मा व्हायला लागणाऱ्या या काळाला अर्धायुष्य म्हणतात, आणि पुढचा सगळा हिशोब याच कल्पनेवर उभा आहे. रात्री अकराला शेवटची सिगारेट ओढून सकाळी सातला रक्त दिलं, तर मधल्या आठ तासांत निकोटिन चार वेळा निम्मं होतं, म्हणजे सोळाव्या हिश्शावर येतं. दिवसा प्रत्येक सिगारेटीनंतर ते उसळतं आणि पुन्हा उतरतं. रक्त कधी काढलं यावरच आकडा इतका हलत असेल, तर त्यावरून निष्कर्ष काढायचा कसा? शिवाय निकोटिन हे हवेत सहज उडणारं रसायन आहे. सँपल घेणाऱ्याच्या बोटांवर तंबाखूचा अंश असेल तर तो सँपलमध्ये उतरू शकतो, आणि जिथे ग्रॅमचा अब्जावा भाग मोजायचा आहे तिथे तेवढी भेसळही पुष्कळ होते.

म्हणून मोजतात कोटिनिन. यकृतात सीवायपी२ए६ नावाचं एन्झाइम असतं. शरीरात आलेल्या निकोटिनपैकी ७० ते ८० टक्के निकोटिनचं शेवटी कोटिनिन होतं, आणि ते मुख्यतः या एन्झाइमच्या हातून. कोटिनिनचं अर्धायुष्य मात्र १६ ते २० तासांचं. पावसाची सर दहा मिनिटांत येऊन जाते, पण मातीतली ओल दुसऱ्या दिवशीही हाताला लागते; निकोटिन आणि कोटिनिन यांचं नातं तसं आहे. रोज तंबाखू घेणाऱ्याच्या रक्तात कोटिनिन थरावर थर साठत एका पातळीवर स्थिरावतं आणि सकाळ ते संध्याकाळ फारसं हलत नाही. त्यामुळे सँपल कधी घेतलं याची फार चिंता करावी लागत नाही.

तेच एन्झाइम पुढे कोटिनिनचंही रूपांतर करतं, हायड्रॉक्सीकोटिनिन नावाच्या पदार्थात. हा पदार्थ किती आणि कोटिनिन किती, यांचं गुणोत्तर काढलं की त्या माणसाचं यकृत निकोटिन किती वेगाने उरकतं हे समजतं. मला हा भाग या सगळ्या विषयातला सर्वांत मोलाचा वाटतो, आणि रुग्णापर्यंत तो क्वचितच पोचतो. ज्यांचं यकृत वेगवान असतं, त्यांच्या शरीरातून निकोटिन लवकर संपतं, तलफ लवकर येते आणि नुसत्या पॅचवर भागत नाही. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या एका मोठ्या अभ्यासात या गुणोत्तरानुसार लोकांचे गट पाडून उपचार देऊन पाहिले. सामान्य वेगाच्या लोकांना पॅचपेक्षा व्हॅरेनिक्लिन या गोळीचा जास्त उपयोग झाला. मंद वेगाच्या लोकांमध्ये दोन्हींचा उपयोग सारखाच होता, पण गोळीचे दुष्परिणाम त्यांना अधिक जाणवले. पॅच लावूनही ज्याची सिगारेट सुटली नाही, त्याला 'तुझ्यात निश्चयच नाही' असं सुनावण्याआधी हे माहीत असायला हवं.

रक्त, लाळ, लघवी आणि केस

नेमका आकडा हवा असेल तर रक्त उत्तम. लाळ घ्यायला सोपी, सुई टोचावी लागत नाही, लहान मुलंही देतात, आणि तिच्यातलं कोटिनिन रक्ताच्या जवळपास, किंचित जास्तच असतं. तंबाखू तोंडात ठेवणाऱ्यांच्या बाबतीत मात्र लाळ घेताना जपावं लागतं. तोंडात उरलेला तंबाखूचा रस सँपलमध्ये मिसळू नये म्हणून आधी चूळ भरून थोडा वेळ थांबायला सांगतात.

लघवीत कोटिनिन रक्तापेक्षा साधारण चार ते सहा पट दाट असतं. म्हणून अगदी कमी प्रमाणही पकडता येतं आणि थोडं जास्त काळ सापडतं. याचाच दुसरा अर्थ असा की रक्ताचा रिपोर्ट आणि लघवीचा रिपोर्ट शेजारी ठेवून आकड्यांची तुलना करू नये. रक्तात २५० आणि लघवीत १२०० हे एकाच माणसाचे, एकाच सकाळचे आकडे असू शकतात. लघवीची दुसरी अडचण म्हणजे ती पातळ-दाट होते. भरपूर पाणी प्यायलं की कोटिनिनचा आकडा खाली येतो, शरीरातलं कोटिनिन आहे तिथेच असतं. म्हणून चांगली लॅब त्याच सँपलमध्ये क्रिएटिनिनही मोजते. हा पदार्थ स्नायूंतून बऱ्यापैकी ठराविक गतीने बाहेर पडत असतो, त्यामुळे त्याच्या तुलनेत कोटिनिन किती हे पाहिलं की पाण्याचा परिणाम वजा करता येतो. क्रिएटिनिन २० मिलिग्रॅम प्रति डेसिलिटरच्या खाली असेल तर सँपल फारच पातळ आहे असं समजून सहसा पुन्हा मागतात.

केस महिन्याला साधारण एक सेंटिमीटर वाढतात, म्हणून मुळापासूनच्या तीन सेंटिमीटरमध्ये मागच्या तीन महिन्यांची नोंद सापडते. ऐकायला छान वाटतं, पण केस हवेतलं निकोटिन बाहेरूनही धरतात आणि काळ्या केसांतलं रंगद्रव्य ते जास्त पकडून ठेवतं. त्यामुळे केसांची चाचणी संशोधनात वापरतात. एखाद्या व्यक्तीबद्दल निर्णय द्यायला मी तिच्यावर भिस्त ठेवणार नाही. नवजात बाळाच्या पहिल्या काळपट शीमध्येही कोटिनिन शोधतात, कारण ती गर्भारपणाच्या शेवटच्या काही महिन्यांत आतड्यात साठलेली असते.

यंत्राच्या आत काय चालतं

माणसाच्या शरीरातून निकोटिन शोधून काढण्याची पहिली मोठी गोष्ट एका खुनाची आहे. नोव्हेंबर १८५० मध्ये बेल्जियममधल्या एका गढीत गुस्ताव्ह फूनी नावाचा तरुण मेला. संशय त्याचा मेहुणा काउंट बोकार्मे याच्यावर होता. वनस्पतींपासून मिळणारी विषं शरीरात गेली की अवयवांतून परत वेगळी काढता येत नाहीत, असं तोवर समजलं जात होतं. ब्रसेल्सचे रसायनशास्त्रज्ञ जाँ सर्व्हे स्टास यांनी मृताच्या अवयवांवर आधी आम्ल आणि अल्कोहोलची, मग अल्कली आणि ईथरची प्रक्रिया करून निकोटिन वेगळं काढून दाखवलं. बोकार्मेने तंबाखूच्या पानांपासून ते स्वतः बनवल्याचंही उघड झालं, आणि १८५१ मध्ये मॉन्स शहरात त्याचा शिरच्छेद झाला.

स्टास यांची युक्ती अशी होती. निकोटिन अल्कलीसारखं वागतं. पाणी आम्लधर्मी असलं की ते पाण्यात राहतं, पाणी अल्कधर्मी केलं की पाणी सोडून ईथरसारख्या द्रवात जातं. हा स्वभाव ओळखून पाणी एकदा आम्लधर्मी, एकदा अल्कधर्मी करत गेलं की रक्तामांसातला बाकीचा गाळ मागे राहतो आणि निकोटिन वेगळं होतं. आजही अनेक लॅबमध्ये सँपल यंत्रात घालण्याआधी साफ करायची पद्धत याच तत्त्वावर चालते.

आज चाचण्या दोन प्रकारच्या. पहिला प्रकार अँटीबॉडीवर चालणारा, झटपट आणि स्वस्त. कोटिनिनला पकडणारी अँटीबॉडी घ्यायची, तिच्यासमोर सँपल ठेवायचं आणि त्यातच खुणेचं, रंग देणारं कोटिनिनही ठेवायचं. अँटीबॉडीच्या जागा मोजक्याच असतात. सँपलमध्ये खरं कोटिनिन भरपूर असेल तर तेच जागा अडवतं, खुणेच्या कोटिनिनला जागा मिळत नाही आणि रंग फिका पडतो. घरी वापरायच्या बहुतेक पट्ट्याही याच तत्त्वावर बनतात, आणि म्हणून त्या उलट्या वाचायच्या असतात: चाचणीच्या जागी रेघ उमटली तर निगेटिव्ह, उमटली नाही तर पॉझिटिव्ह. रेघ दिसली म्हणजे दोष सापडला असं मनात पक्कं बसलेलं असतं, त्यामुळे इथे हमखास गफलत होते. पाकिटातला कागद आधी वाचा, मगच पट्टी बघा.

अँटीबॉडीला जुळ्या भावंडांतला फरक नेहमी कळत नाही. हायड्रॉक्सीकोटिनिनची रचना कोटिनिनसारखीच असल्याने तेही काही अंशी पकडलं जातं आणि आकडा फुगतो, विशेषतः लघवीत. म्हणून या पद्धतीच्या आकड्यापेक्षा तिच्या हो-नाहीला महत्त्व द्यायचं.

दुसरा प्रकार मास स्पेक्ट्रोमीटरचा. इथे आधी सँपल एका बारीक नळीतून जातं आणि त्यातले पदार्थ एकामागून एक वेगळे होतात. मग प्रत्येक रेणूला विद्युतभार देऊन त्याचं वजन पाहिलं जातं. भारित कोटिनिनचं वजन १७७ एकक. यंत्र फक्त १७७ वजनाचे कण पुढे सोडतं, त्यांना वायूवर आदळून फोडतं आणि ८० वजनाचा तुकडा निघतो का ते पाहतं. १७७ वजनाचे इतरही रेणू असतील, पण त्याच वेळेला नळीतून बाहेर पडणारा आणि फुटल्यावर त्याच प्रकारचे तुकडे देणारा दुसरा पदार्थ सापडणं जवळजवळ अशक्य. अचूकतेसाठी आणखी एक सुंदर सोय केलेली असते. सँपलमध्ये सुरुवातीलाच माहीत असलेल्या प्रमाणात जड कोटिनिन टाकतात. त्यातल्या तीन हायड्रोजन अणूंच्या जागी जड हायड्रोजन असतो, म्हणून त्याचं वजन १८० येतं. बाकी सगळा स्वभाव खऱ्यासारखाच. साफसफाईत कोटिनिन काही हरवलं तर हे जड कोटिनिनही त्याच प्रमाणात हरवतं, त्यामुळे शेवटी दोघांचं गुणोत्तर पाहून मूळ प्रमाण काढता येतं. या पद्धतीने एका मिलिलिटर रक्तातलं ०.०१५ नॅनोग्रॅम कोटिनिनही मोजलं गेलं आहे. एक नॅनोग्रॅम म्हणजे ग्रॅमचा अब्जावा भाग, हे लक्षात घेतलं की या कामाची बारीकी कळते.

आकडे कसे वाचायचे

रोज सिगारेट ओढणाऱ्याच्या रक्तात कोटिनिन मिलिलिटरमागे साधारण २०० ते ३०० नॅनोग्रॅमच्या आसपास असतं, कुणाचं १००, कुणाचं ४०० च्याही वर. ज्याच्या आसपास कुणी धूम्रपान करत नाही त्याच्या रक्तात ते १ च्या बरंच खाली असतं. दुसऱ्याचा धूर ज्याच्या नाकात जातो त्याचा आकडा बहुधा १ च्या आगेमागे राहतो. बंद खोलीत रोजचा दाट धूर सोसणाऱ्यांत तो काही नॅनोग्रॅमपर्यंत चढतो, पण १० च्या पुढे क्वचितच. त्यामुळे 'बाजूला बसलो होतो, म्हणून २०० आले' हे स्पष्टीकरण टिकत नाही. वांगी, टोमॅटो, बटाट्यामुळे चाचणी पॉझिटिव्ह येते हेही खरं नाही. या भाज्यांत निकोटिन असतं हे बरोबर, पण इतकं नगण्य की नेहमीच्या जेवणातून आकडा कट-ऑफच्या जवळपासही जात नाही.

कट-ऑफ म्हणजे पॉझिटिव्ह-निगेटिव्हमधली सीमारेषा. ती निसर्गाने आखलेली नाही, माणसांनी ठरवलेली आहे, आणि ती बदलत आली आहे. रक्तासाठी पूर्वी १५ च्या आसपासचा कट-ऑफ सर्रास वापरला जायचा. घराबाहेर, ऑफिसात, वाहनांत सगळीकडे धूर असायचा, त्यामुळे न ओढणाऱ्यांचे आकडेही चढे होते आणि रेषा उंचावर आखावी लागायची. अमेरिकेत सार्वजनिक ठिकाणचा धूर कमी होत गेला तसे न ओढणाऱ्यांचे आकडे उतरले, आणि २००९ मध्ये तिथल्या राष्ट्रीय सर्वेक्षणाच्या विश्लेषणातून ३ नॅनोग्रॅम हा कट-ऑफ सुचवला गेला. लघवीसाठी कुठे ५० वापरतात, कुठे २००. रिपोर्टवर नुसतं 'पॉझिटिव्ह' लिहून कट-ऑफ दिलेला नसेल तर तो रिपोर्ट अर्धाच आहे असं मी म्हणेन.

त्याच सर्वेक्षणाने एक मोठी गोष्ट घडवली. १९८८ ते १९९१ या काळात अमेरिकेत तंबाखू न घेणाऱ्या लोकांचं रक्त तपासलं, तेव्हा त्यांच्यापैकी सुमारे ८८ टक्क्यांच्या रक्तात कोटिनिन सापडलं. स्वतः तंबाखू न घेणाऱ्या जवळजवळ प्रत्येकाच्या शरीरात दुसऱ्याचं निकोटिन फिरत होतं. 'थोडासा धूर, त्याने काय होतंय' या बोलण्याला या एका आकड्याने उत्तर दिलं, आणि बंदिस्त जागांतल्या धूम्रपानबंदीच्या बाजूने तो भक्कम पुरावा ठरला. २०११-१२ पर्यंत हेच प्रमाण साधारण २५ टक्क्यांवर आलं. पण तीन ते अकरा वर्षांच्या मुलांमध्ये ते तेव्हाही ४० टक्क्यांच्या वर होतं, कारण ऑफिस आणि उपाहारगृहं धूरमुक्त झाली तरी घर आणि बहुतेक ठिकाणी गाडीही कायद्याच्या बाहेर राहिली. लहान मूल 'माझ्या खोलीत धूर येतो' असं सांगायला डॉक्टरकडे जात नाही. त्याच्या वतीने हा आकडा बोलतो, आणि या चाचणीचा याहून चांगला उपयोग मला माहीत नाही.

किती दिवसांत निघून जातं?

हा प्रश्न सगळ्यात जास्त विचारला जातो, आणि त्याचं उत्तर कुणालाही कागदावर काढता येतं. समजा सोडताना रक्तात २५० होतं आणि अर्धायुष्य १६ तास. १६ तासांनी १२५, ३२ तासांनी ६२, दोन दिवसांनी ३१, ६४ तासांनी १६, ८० तासांनी ८, चार दिवसांनी ४, आणि ११२ तासांनी २. म्हणजे १० चा कट-ऑफ असेल तर तीन दिवस उलटून काही तासांनी निगेटिव्ह, ३ चा असेल तर चार दिवस उलटल्यावर. सुरुवात ५०० पासून केली तर? फक्त १६ तास जास्त, कारण दुप्पट म्हणजे एकच अर्धायुष्य. दुप्पट ओढणाऱ्याला दुप्पट दिवस लागतील असं वाटतं, तसं होत नाही.

आता लघवी. १५०० पासून निघालेला माणूस दोन दिवसांनी १९० च्या आसपास येतो. २०० चा कट-ऑफ लावणारी लॅब त्याला निगेटिव्ह म्हणेल, ५० चा लावणारी पॉझिटिव्ह. माणूस तोच, सँपल तेच.

अर्धायुष्य प्रत्येकाचं वेगळं. ज्यांचं यकृत मंद, त्यांना २० तास, कधी त्याहून जास्त लागतात. काहींमध्ये त्या एन्झाइमचं जनुक जन्मतःच कमजोर असतं किंवा नसतंच, आणि पूर्व आशियाई लोकांत असं जास्त आढळतं. त्यांच्यात कोटिनिन बनतंच फार कमी, म्हणून ओढणारा असूनही आकडा फसवा येऊ शकतो. किडनीचा आजार असेल तर निचरा रेंगाळतो. गर्भारपणात उलट घडतं. कोटिनिनचं अर्धायुष्य १७ तासांवरून जवळपास ९ तासांवर उतरतं. गरोदर बाईने आधीइतक्याच सिगारेटी ओढल्या तरी रक्तातला आकडा खूप खाली दिसतो, आणि तिने कमी केलं असं समजून सगळे निर्धास्त होतात. धुरातून तिच्या शरीरात जाणारं निकोटिन मात्र कमी झालेलं नसतं. म्हणून गरोदरपणात कट-ऑफ खालचा धरायला हवा.

शरीर 'साफ' करणारी पेयं, गोळ्या, लिंबूपाणी यांनी यकृताचा हा वेग वाढत नाही. पाण्याने लघवी पातळ होते आणि ते क्रिएटिनिनमध्ये दिसतं. अशा वस्तूंवर पैसे घालवू नका.

पॅच लावणाऱ्यावर होणारा अन्याय

कोटिनिनला आपण कुठून आलो हे सांगता येत नाही. सिगारेट, चघळायची तंबाखू, तपकीर, ई-सिगारेट, निकोटिनचा गम, पॅच, या सगळ्यांतून आलेलं निकोटिन यकृताला सारखंच. डॉक्टरांनी दिलेला पॅच लावणाऱ्याची चाचणी पॉझिटिव्ह येणारच, आणि येते ती काठावर नव्हे, चांगली ठळक. ज्याने तंबाखू सोडण्यासाठी योग्य उपचार घेतला त्यालाच चाचणीत 'नापास' ठरवलं जातं. अशा माणसाने चिडून पॅच फेकून पुन्हा सिगारेट धरली तर दोष कोणाचा?

उपाय आहे. तंबाखूच्या पानात निकोटिनबरोबर ॲनाबेसिन आणि ॲनाटेबिन नावाची भावंडं थोड्या प्रमाणात असतात. औषधी निकोटिन शुद्ध केलेलं असल्याने त्यात ती जवळजवळ नसतात. म्हणून कोटिनिन पॉझिटिव्ह आणि लघवीतलं ॲनाबेसिन २-३ नॅनोग्रॅमच्या खाली असेल तर निकोटिन पॅच-गममधून आलं असण्याची शक्यता मोठी. ही चाचणी मागितल्याशिवाय होत नाही, म्हणून ती मागावी लागते. तिच्या दोन मर्यादाही सांगायला हव्यात. अगदी कमी तंबाखू घेणाऱ्यातही ॲनाबेसिन सीमेखाली राहू शकतं. आणि ई-सिगारेटमधलं निकोटिनही बहुधा शुद्ध केलेलं असल्यामुळे पॅच आणि ई-सिगारेट यांतला फरक ती सांगेलच असं नाही.

जळलेल्या तंबाखूसाठी वेगळी चाचणी आहे, फुंकर मारण्याची. धुरातला कार्बन मोनॉक्साइड रक्तात चिकटतो आणि श्वासातून बाहेर पडतो. सहा ते दहा पीपीएमच्या (हवेच्या दहा लाख भागांत तेवढे भाग) वर गेला तर अलीकडेच धूम्रपान झाल्याचं धरतात. त्याचं अर्धायुष्य चार ते सहा तासांचंच, म्हणून काल संध्याकाळची सिगारेट आज दुपारी दिसणार नाही. चघळणाऱ्यात आणि ई-सिगारेट घेणाऱ्यात हा वायू वाढत नाही. लांबच्या काळासाठी एनएनएएल नावाचा पदार्थ मोजतात. तो तंबाखूतल्याच एका कर्करोगकारक रसायनापासून शरीरात तयार होतो आणि सोडल्यावरही कित्येक आठवडे लघवीत सापडतो. तो थेट कर्करोगाच्या रसायनाचा माग देतो, म्हणून संशोधक त्याला फार मानतात. नेहमीच्या लॅबमध्ये ही चाचणी सहसा होत नाही.

म्हणजे प्रश्न कोणता, यावर चाचणी ठरते. त्वचेचा तुकडा जोडणाऱ्या किंवा मणक्याचं हाड सांधणाऱ्या सर्जनला रक्तवाहिन्या आकसवणारं निकोटिन शरीरात आहे का, हे हवं असतं. त्यांच्यासाठी कोटिनिन योग्य, आणि पॅच चालेल की नाही हे त्यांनी आधीच स्पष्ट सांगायला हवं. पॅच-गम चालू असताना तंबाखू सुटली का, हे पाहायचं तर ॲनाबेसिन लागेल. मूल धुरात वाढतंय का, यासाठी अँटीबॉडीची पट्टी कामाची नाही, कारण ती इतकं कमी कोटिनिन पकडतच नाही. तिथे मास स्पेक्ट्रोमीटरच लागतो.

आणि दिवसाला किती सिगारेटी, हा प्रश्न कुठल्याच चाचणीला विचारू नये. सारख्याच सिगारेटी ओढणाऱ्या दोघांचे आकडे दुप्पट-तिप्पट वेगळे येऊ शकतात. माणसं वीसवरून दहावर येतात तेव्हा नकळत खोल झुरके घेतात, थोटकापर्यंत ओढतात, आणि कोटिनिन निम्मं न होता थोडंसंच खाली येतं. चघळणाऱ्यांत तर आकडा सिगारेटवाल्यापेक्षाही जास्त दिसू शकतो, कारण तंबाखू तासन्‌तास तोंडात असते आणि गिळलेलं निकोटिन आतड्यातून आधी यकृतात जाऊन तिथेच बरंचसं कोटिनिन होऊन बाहेर पडतं.

सँपल द्यायला जाल तेव्हा पॅच, गम, ई-सिगारेट, घरात कुणी ओढत असेल तर तेही, फॉर्मवर किंवा डॉक्टरांच्या चिठ्ठीवर लिहून द्या, शेवटचं कधी घेतलं त्या वेळेसकट. रिपोर्ट अनपेक्षित आला तर नवीन सँपल देण्याची घाई करू नका, कारण दोन दिवसांनी दिलेलं सँपल दोन दिवसांनंतरचीच गोष्ट सांगेल. पहिलंच सँपल शिल्लक आहे का ते विचारा; गोठवून ठेवलेल्या सँपलमधलं कोटिनिन दीर्घकाळ टिकतं. त्याच सँपलवर मास स्पेक्ट्रोमीटरने फेरतपासणी, लघवी असेल तर सोबत ॲनाबेसिन आणि क्रिएटिनिन, आणि रिपोर्टवर कट-ऑफ लिहून द्या, असं लॅबला सांगा.